राजीखुशीने, कीच्या अलीकडे

परीक्षेचा मोसम आला हे आमच्याकडे कॅलेंडर न बघताही कळतं. करडईचे काटे वाळून टोचायला लागतात. रस्त्याकडेच्या लिंबाची पानं गळून त्यांचे ढीग होतात. सकाळी स्वेटर आणि दुपारी डोक्याला रुमाल, असा एका दिवसात दोन ऋतूंचा कारभार सुरू होतो. गंगाखेडच्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरमागे एसटी रेंगाळते, आणि त्या एसटीत खिडकीशी बसलेल्या पोरी मांडीवर परीक्षेचं पॅड धरून ओठ हलवत असतात. परवा माझ्या पुढच्या सीटवरची एक जण इंग्रजीचा निबंध पाठ करत होती. ‘ऑबव्हियसली दॅट वॉटर इज लाइफ,’ असं ती तीनदा म्हणाली. चौथ्यांदा डोळे मिटून म्हणाली. वाक्य चुकीचं आहे. मी तिला सांगितलं नाही. अकरा वर्षांपूर्वी याच चुकीसाठी आमचा अख्खा वर्ग एक तास उभा राहिला होता. त्या एका तासाचा एका मुलीला जेवढा उपयोग झाला, तेवढा अख्ख्या दहावीचा मला झाला नाही.

मी पत्रकं लिहिते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या लेकरांच्या शाळा तुटतात, त्याबद्दल. एक पान, दोन्ही बाजू, खाली मागण्या. पत्रक लिहिणाऱ्याच्या हाताला एक सवय लागते. ‘खरोखर’, ‘निश्चितच’, ‘दुर्दैवाने’ असले शब्द दिसले की पेन आपोआप आडवं फिरतं. ते जागा खातात आणि बाजू घेत नाहीत. क्रियाविशेषण म्हणजे वाक्यातला पाहुणा, जेवतो पण भांडी घासत नाही, असं मी नव्या पोरापोरींना सांगते. ती हसतात. मला मात्र दर वेळी जिजा आठवते आणि वाटतं, आपण यांना अर्धवट सांगतोय.

या आठवड्यात जिजाचाच फोटो आला. म्हणजे तिचा नाही, एका कागदाचा. जिजा माझ्या वर्गातली. आमचं गाव चुडाव्याच्या स्टेशनापासून चालत जाण्याइतकं. तिच्या घरी शेळ्या-मेंढ्या, आणि दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला. आता ती स्वतः नवऱ्यासोबत तोडीला जाते. मुकादमाच्या भाषेत ती दोघं मिळून एक ‘कोयता’. तिची पोरगी चौथीत आहे. यंदा पोरीला गावात ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून जिजा तिला कोपीवर घेऊन गेली. कोपी म्हणजे फडाजवळ उसाच्या पाचटाची बांधतात ती खोप. आता शाळेनं मोबाइलवर एक कागद पाठवला, सही करून परत धाडा म्हणून. ‘मी स्वेच्छेने लिहून देते की, माझ्या मुलीचे नाव शाळेतून कमी करण्यात यावे.’ जिजानं सही केली नाही. तिनं तो मला पाठवला आणि मागोमाग तिचा आवाज आला, पाचट तुडवल्याच्या चरचरीसकट. ‘सुमे, हे वरच्या कचेरीला इंग्रजीत कळव. मराठीतलं वाचलंच न्हाई म्हणत्यात. पोरीची परीक्षा एप्रिलात हाय. नाव गेलं तर बसू देतेत का?’

मी भाषांतराला बसले आणि दुसऱ्याच शब्दावर अडकले. स्वेच्छेने. विलिंगली. हा शब्द माहीत होता. त्याची जागा माहीत नव्हती. दॅटच्या आधी की नंतर? जिजाची इच्छा लिहून देण्याला आहे, की नाव कमी करण्याला? शाळेला तिच्याकडून नक्की कशाची कबुली पाहिजे? इंग्रजी लिहिताना हात थांबतो आणि ठरवावं लागतं. मराठीतही ठरवायलाच पाहिजे. पण मराठी आपल्या तोंडातली असते, आपण न वाचता सही करतो.

आम्हाला इंग्रजी शिकवायला एक सर होते. पोरं त्यांना ‘दॅट सर’ म्हणायची, कारण त्यांच्या तोंडात दर दोन वाक्यांमागे एक दॅट असायचा. परभणीहून सकाळच्या पॅसेंजरनं यायचे, चुडाव्याला उतरून धुळीतून चालत शाळेत. वर्गात आल्यावर डस्टरनं आधी बूट पुसायचे, मग फळा. त्यामुळे फळ्यावर कायम मातीचा एक तपकिरी पट्टा असायचा आणि त्या पट्ट्यावर इंग्रजी उमटायची.

त्या दिवशी त्यांनी ‘साहजिकच’ घालून एक वाक्य करायला सांगितलं. आम्ही बेचाळीस जणांनी ऑबव्हियसली दॅट लिहिलं. सर वह्या बघत शेवटच्या बाकापर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, ‘सगळे उभे राहा.’ मग समजावलं. ‘इट इज ऑबव्हियस दॅट म्हणा, नाहीतर नुसतं ऑबव्हियसली म्हणून पुढे चला. ली लागला, दॅट सुटला. एका माणसानं दोन ताटं घेऊन बसायचं नसतं.’

मागून कुणीतरी म्हणालं, ‘सर, लग्नात बसतेत.’

उभं राहण्याची वेळ आणखी वाढली.

ती चूक का होते हे मला फार नंतर, पत्रकांचं भाषांतर करताना कळलं. आपण मनात ‘उघड आहे की’ असं म्हणतो. मग ‘उघड आहे’ला एक रुबाबदार इंग्रजी शब्द बघतो आणि की तसाच खाली सोडतो. गंमत अशी की गावात बोलताना हा की जवळजवळ नसतोच. ‘येतो म्हणून सांग.’ ‘बस चुकली म्हणून म्हणला.’ आमच्याकडे म्हणूनवर सगळं भागतं. की हा कागदावरचा शब्द. तहसील, शाळा, कोर्ट, मुकादमाचा करार. की आला म्हणजे समजावं, आता कुणीतरी आपल्याकडून काहीतरी लिहून घ्यायलाय.

मग सरांनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. ही सेड येस्टरडे दॅट द बस वॉज लेट. त्याखाली, ही सेड दॅट द बस वॉज लेट येस्टरडे. ‘काल काय घडलं? वरच्या वाक्यात त्याचं सांगणं काल घडलं. खालच्यात बसचा उशीर.’ दोन्हीकडच्या दॅटवर त्यांनी खडूची जाड उभी रेघ मारली. ‘हा बांध. येस्टरडे ज्या रानात उभा, त्या रानाचा.’

तिसऱ्या बाकावरून जिजा म्हणाली, ‘सर, मग हे ॲडव्हर्ब म्हंजी शेळी झाली. ज्या रानात हाय तिथलंच खाईल.’

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी वरच्या वाक्यातला दॅट रेघेसकट पुसून टाकला. ही सेड येस्टरडे द बस वॉज लेट. ‘आता? रोजच्या बोलण्यात इंग्रज माणूस दॅट खुशाल गाळतो. आता सांग, शेळी कुणाच्या रानात?’

जिजा डोळे बारीक करून फळ्याकडे बघत राहिली. तिच्या घरी तीसेक शेळ्या होत्या, हा प्रश्न तिच्यासाठी पुस्तकी नव्हता. ‘बांधच न्हाई राहिला की सर. आता ती दोन्हीकडं तोंड घालील, अन् भांडणं मालकाची लागतील.’

‘करेक्ट,’ सर म्हणाले. वर्षभरात ते चारेक वेळा करेक्ट म्हणायचे.

तास संपता संपता त्यांनी एक पुरवणी जोडली. काही थोड्या शब्दांना मात्र दॅट चालतो. नाऊ दॅट, सो दॅट. ‘यांचं आधीपासून ठरलेलं आहे,’ ते म्हणाले. जिजाला नाऊ दॅट इतका आवडला की पुढे महिनाभर तिनं तो सगळीकडे घातला. ‘नाऊ दॅट तू आलीच हायस, तर ही बादली धर.’ ‘नाऊ दॅट पाऊस न्हाई, तर मेंढरं पाण्यावर नेऊ.’ मराठीत त्याला बरोबर असा एक शब्द नाही. ‘आता अमुक झालंच आहे तर’ एवढं लांब म्हणावं लागतं. जिजाच्या तोंडात तो इतका बेमालूम बसला होता की तिच्या चुलत्यानं मला एकदा विचारलं, ‘ते नावदट काय हाय गं? शिवी हाय का?’

आमच्या संघटनेच्या खोलीत एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात गेल्या काही वर्षांत आलेली उत्तरं ठेवलेली आहेत. वेगवेगळ्या कचेऱ्यांची, पण सुरुवात एकच. ‘खेदाने कळविण्यात येते की.’ मी ती वाचून पूर्वी चिडायचे. आता नुसती बोट ठेवून बघते. खेद नेहमी कीच्या अलीकडे उभा असतो. म्हणजे खेद आहे तो कळवण्याचा. कागदाचा, शाईचा, टपालाचा खेद. नाकारण्याचा नाही. ‘कळविण्यात येते की, आपला अर्ज आम्ही खेदाने नाकारला आहे,’ असं पत्र मला अजून एकही मिळालेलं नाही. तसं कुणी लिहिलं तर त्याला विचारता येईल, बाबा, एवढं वाईट वाटत होतं तर नाकारलास कशाला? म्हणून ते तसं लिहीत नाहीत. इंग्रजीतून येतं तेही तसंच, वी रिग्रेटफुली इन्फॉर्म यू दॅट. बैठकीत समोर बसलेला साहेब म्हणतो, आय ऑनेस्टली फील दॅट. प्रामाणिक काय आहे, तर त्याचं वाटणं. दॅटच्या पलीकडे तो जे काही ठेवेल, त्याची हमी त्यानं दिलेली नसते. लोकांना वाटतं, मोठं खोटं मोठ्या शब्दांनी बोलतात. मला तरी ते बहुतेक वेळा एका लहान शब्दाची जागा बदलून बोललेलं सापडलं आहे.

हे मी आज असं ऐटीत लिहिते आहे. पण असा एक कागद मी माझ्या हातानं लिहिलेला आहे.

दहावीच्या वर्षी संक्रांत झाली आणि जिजाचा बाप फडावरून आला. तिची वहिनी बाळंत झाली होती, कोपीवर तिचं आधीचं लेकरू धरायला कुणी नव्हतं. वीस-पंचवीस दिवस, मग पोरगी परत. त्याला तिच्यासाठी रजा पाहिजे होती. ऑफिसातल्या क्लार्कनं मला वर्गातून बोलावून घेतलं. माझं अक्षर चांगलं होतं. शाळेतले निम्मे अर्ज माझ्या हातचे असायचे आणि मला त्याचा गर्व होता. शाईचं पेन मी त्यासाठीच वापरायचे.

‘लिही,’ क्लार्क म्हणाले, ‘लिहून देते की, घरगुती अडचणीमुळे मी राजीखुशीने यंदा बोर्डाच्या परीक्षेस बसणार नाही.’

मी थांबले. ‘परीक्षेस?’

‘तसं लिहावं लागतंय. फॉर्मॅलिटी हाय. लिही लवकर, त्यांची एसटी जाईल.’

जिजाचा बाप उंबऱ्याबाहेर चपला काढून उभा होता. त्याच्यामागे जिजा, हातात पिशवी, पिशवीतून इंग्रजीच्या पुस्तकाचा कोपरा बाहेर आलेला. तिनं आत वाकून विचारलं, ‘रजेचाच हाय ना सर?’

‘रजेचाच समज,’ क्लार्क म्हणाले.

मी मान खाली घालून लिहीत राहिले. आणि लिहिताना मी एक सुधारणा केली. आमच्या घरी जमिनीचे जुने कागद होते, त्यांची सुरुवात मला पाठ होती. ‘अक्कलहुशारीने व राजीखुशीने लिहून देतो की’. क्लार्कांनी राजीखुशीने हा शब्द कीच्या नंतर सांगितला होता. मला ते बेढब वाटलं. कागदाला कागदाचा थाट पाहिजे. मी तो शब्द उचलून अलीकडे आणला. ‘राजीखुशीने लिहून देते की’. क्लार्कांनी कागद वाचला, म्हणाले, ‘वा! वकिलासारखं.’ जिजानं सही केली, बापानं अंगठा दिला, आणि दोघं एसटी गाठायला पळत गेले.

आमच्या शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागायचा. तो कसा लागायचा, हे मला आज माहीत आहे. कच्ची समजलेली पोरं फेब्रुवारीच्या आत अशी कागदावर राजीखुशी व्हायची. तेव्हा मला हे माहीत नव्हतं असं मी बरीच वर्षं सांगत आले. खरं एवढंच आहे की मी एकदा थांबले होते, आणि मग लिहिलं.

तो महिना मला त्याच्या वासांनी आठवतो. हरभऱ्याच्या पानांवरची आंब. ओल्या गोणपाटाखाली ठेवलेल्या माठाचा वास. अभ्यासाला मी ज्वारीच्या कडब्याच्या गंजीला टेकून बसायचे, पाठीला काड्या टोचायच्या आणि वारा पुस्तकाचं पान माझ्याआधी उलटायचा. जिजाचा चुलता शेळ्या घेऊन समोरून जायचा. एखादी शेळी बांधावर चढून उभी राहायची, पुढचे पाय एका रानात, मागचे दुसऱ्यात, आणि मला हसू यायचं. ते हसू मी कुणाला सांगणार? सांगण्यासारखी एकच मैत्रीण होती आणि ती तिकडं फडावर दुसऱ्याचं लेकरू जोजवत होती. वर्गात तिसऱ्या बाकावर तिच्या जागी दप्तरं ठेवायला लागले. दॅट सर हजेरी घेताना तिच्या नावावर थांबायचे, खिडकीतून बाहेर बघायचे आणि पुढचं नाव घ्यायचे.

ती आली तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता. हातांवर उसाच्या पानांच्या बारीक रेघा, ओठ फुटलेले. इंग्रजीच्या पुस्तकाची पानं एकमेकांना चिकटली होती. ‘लेकराच्या हातात ऊस अन् माझ्या हातात पुस्तक,’ ती म्हणाली. पण धडे तिनं वाचले होते. नाऊ दॅट आलेच हाय, तर हॉल तिकीट कुठं मिळायलंय, असं तिनं मला विचारलं. मी तिला ऑफिसात घेऊन गेले. मी काय लिहिलं होतं ते मी तिला वाटेत सांगू शकले असते. वाट लहान नव्हती.

हेडसरांनी सगळ्यांची हॉल तिकिटं वाटली. माझं दिलं. तिचं दिलं नाही. टेबलाच्या काचेखालून तो कागद काढून पुढे ठेवला आणि म्हणाले, ‘तू तर राजीखुशीनं लिहून दिलंयस. आता कशाला आलीस?’

जिजानं कागद उचलला. आधी तिनं अक्षर ओळखलं. माझ्याकडे एकदा बघितलं. मी हॉल तिकीट दोन्ही हातांनी छातीशी धरून दारात उभी होते. मग तिनं कागद दुसऱ्यांदा वाचायला घेतला, शब्दाखाली बोट ठेवून, आम्ही इंग्रजी वाचायचो तसा. बोट एका ठिकाणी थांबलं.

‘सर, राजीखुशीनं हे कीच्या अलीकडं हाय.’

‘मग?’

‘म्हंजी म्या लिहून दिलं, ते राजीखुशीनं. ते खरंच हाय. रजेचा कागद हाय म्हणले, म्या राजीखुशीनंच सही केली. पर परीक्षेला बसणार न्हाई, ते कीच्या पलीकडं हाय. तिथं राजीखुशी न्हाई.’

हेडसरांनी चष्मा काढला. ‘तू मला व्याकरण शिकवायलीस?’

‘न्हाई सर. दॅट सरांनी शिकवलंय. त्यांना इचारा.’

हेडसरांच्या तोंडावर कुणी दॅट सर म्हणण्याची ती पहिली वेळ असावी. क्लार्कांनी खाली बघून कागद नीट करायला घेतले. शिपाई गेला, सरांना घेऊन आला. त्यांच्या हातांना खडू लागलेला होता, त्यांनी कागद दोन बोटांत कडेला धरला. ते आमच्याकडे तासिकेवर होते. दर जूनमध्ये त्यांना पुन्हा बोलवायचं की नाही, हे हेडसरांच्या सहीवर असायचं. हे आम्हा पोरांनाही माहीत होतं. त्यांनी कागद वाचला. परत वाचला. बाहेर नळाखाली कुणीतरी डबा विसळत होतं.

‘वाक्य म्हणून बघितलं,’ ते म्हणाले, ‘तर मुलगी बरोबर आहे. राजीखुशी लिहून देण्याला लागते. न बसण्याला लागत नाही.’

‘मग न बसण्याला काय लागतं?’ हेडसर म्हणाले.

‘काहीच नाही, सर. ते रान मोकळं आहे.’

हेडसरांनी चष्मा परत घातला. मग त्यांनी ड्रॉवर उघडला. हॉल तिकीट आतच होतं. बोर्डाला कुणी काही कळवलेलंच नव्हतं. तो कागद फक्त जिजासाठी होता. हे मला आजही पत्रकात नीट लिहिता आलेलं नाही. दर वेळी वाक्य लांबतं आणि मी खोडते.

‘ठीक आहे,’ ते म्हणाले. ‘पण आधी लिहून दे. नापास झालीस तर शाळा जबाबदार नाही म्हणून.’ आणि माझ्याकडे बोट केलं. ‘ए, तू लिही. तुझं अक्षर चांगलं आहे.’

मी पेन काढलं. खरंच काढलं. टोपण काढून कागदापर्यंत नेलं.

‘म्या लिहिते,’ जिजा म्हणाली आणि माझ्या हातातून पेन घेतलं.

तिचं अक्षर तिरकं होतं, ओळ वर चढत जायची. तिनं उभ्यानंच, टेबलावर वाकून लिहिलं. ‘मी लिहून देते की, मी राजीखुशीने परीक्षेस बसणार आहे.’ खाली सही. नापास आणि जबाबदारीबद्दल एक अक्षर नाही. हेडसरांनी कागदावरून नजर फिरवली. लिहून देते होतं, की होता, राजीखुशीने होतं. सगळे शब्द ओळखीचे होते. त्यांनी तो फाइलला लावला आणि हॉल तिकीट पुढे सरकवलं. दॅट सरांनी तो कागद उलटा, टेबलाच्या पलीकडून वाचला होता. ते खिडकीकडे वळले आणि हळूच, कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, ‘करेक्ट.’

बाहेर नळापाशी मी तिला गाठलं. काय बोलायचं ते जुळवलेलं नव्हतं. ‘जिजे, ते मी…’

‘तुझं अक्षर लय चांगलं हाय, सुमे,’ ती म्हणाली. ‘पर तू इचारत न्हाईस.’

मग तिनं हॉल तिकीट उन्हात धरलं, त्यावरचा आपला फोटो बघितला आणि हसली. ‘आगं बाई, किती भेदरलीय ही!’

ती पास झाली. इंग्रजीत पस्तीस, एकही जास्त नाही. शाळेचा निकाल त्या वर्षीही शंभर टक्केच लागला. दॅट सरांना जूनमध्ये पुन्हा बोलावलं नाही. त्यांना कुणी खेदानं कळवलं का, तेही माहीत नाही. आणि मे महिन्यात जिजाचं लग्न झालं. ती सोळा वर्षांची होती. असल्या लग्नांवर मी आज पत्रकं काढते, कलमांसकट. त्या मांडवात मी वरणाची बादली घेऊन पंगतीत वाढत होते. तुझी राजीखुशी कुठंय, असं मी तिला विचारलं नाही. माझ्या हातात पेन नव्हतं, म्हणून मला वाटलं, यात माझं काही नाही. तिचा दहावीचा मेमो, म्हणजे गुणपत्रिका, तिनं प्लास्टिकमध्ये घालून ठेवलाय. दर दिवाळीला तो पेटीतून तिच्याबरोबर फडावर जातो. कशाला नेतेस, असं मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाली, ‘घरी ठिवला तर उंदरं खातेत.’

आता राजीखुशी हा शब्द कागदांवर फार दिसत नाही. स्वेच्छेने आलाय, कधी स्वखुशीने. कपडे बदलले. उभा मात्र तो तिथंच असतो, कीच्या अलीकडे. पलीकडे काय काय भरायचं ते दुसऱ्यांनी ठरवलेलं असतं.

तर मी त्या कागदाचं भाषांतर दोन प्रकारे करून ठेवलं. एकात विलिंगली दॅटच्या अलीकडे, एकात पलीकडे. पहिलं भाषांतर शब्दाला इमानी होतं. दुसरं शाळेच्या मनातलं होतं. तक्रार कशावर उभी करायची ते माझं मी ठरवू शकले असते. माझं इंग्रजी आता बरं आहे, आणि पाठवायची घाई होती. एप्रिल लांब नाही. मी पेन खाली ठेवलं आणि फोन लावला.

‘नाऊ दॅट फोन केलाच हायस तर लवकर बोल,’ जिजा म्हणाली. ‘गाडी भरायलेत.’

मी तिला सांगितलं. कागदात एक शब्द आहे, त्याची जागा ठरवायचीय. ‘तुझी राजीखुशी कुठं टाकू?’

‘माझी कशाला टाकायलीस? नाव माझं कटायलंय का?’

‘मग कुणाची?’

पलीकडे ट्रॅक्टर धडधडत होता. कुणीतरी मोळी खाली टाकली.

‘थांब,’ ती म्हणाली. ‘तिलाच इचारते.’

फोन पाचटावर ठेवल्याचा आवाज आला. मग तिची हाक, लांबपर्यंत जाणारी, शेळ्यांना मारायची तशी. मी पेन उचलून त्याचं टोक दॅटच्या पलीकडे नेलं आणि थांबले.